अनुभव धागा: अपघात, पहिला कागद आणि जखमी माणसाचा हक्क

उसाचा हंगाम लागला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर धावतात. त्याच सुमाराला खानापूर, चंदगडकडे भाताच्या मळण्या असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या प्रेस आणि ग्राइंडर तर बारा महिने चालूच. हात, पाय, डोळा गमावलेली माणसं आपल्या गल्लोगल्ली आहेत, आणि कायद्यानं काय मिळायला हवं होतं ते त्यांतल्या बहुतेकांना फार उशिरा कळलं. त्यात आपल्याकडे घर एका राज्यात, काम दुसऱ्या राज्यात आणि पोलीस ठाण्यातला कागद कन्नडमध्ये. म्हणून विचारतोय. अपघात कशानं टळला असता आणि नंतर कोणता हक्क कामाला आला, ते लिहा. दवाखाने, कारखाने, मालक यांची नावं नकोत.

निपाणीजवळून, शेतकरी

माझा मेहुणा रात्री मोटरसायकलवरून येताना उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच सोडलेली, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस हातभर बाहेर आलेला. मांडीचं हाड मोडलं, जबडा फुटला. डोकं वाचलं ते हेल्मेटमुळं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

'मागून धडकला म्हणजे चूक ह्याचीच' असंच सगळे म्हणत होते. पण पुतण्यानं त्याच रात्री ट्रॉलीचे मागच्या बाजूनं फोटो काढले होते. सकाळी बघतो तर ट्रॉलीवर नव्या कोऱ्या लाल पट्ट्या! पंचनाम्यात 'दिवे व रिफ्लेक्टर नव्हते' हे वाक्य यावं म्हणून आम्ही तिथंच उभं राहिलो. पुढं मोटार अपघात न्यायाधिकरणानं दोष वाटून दिला, थोडा मेहुण्याचा आणि मोठा वाटा ट्रॅक्टरचा. त्या वाट्याची भरपाई विमा कंपनीकडून आली. ते फोटो नसते तर सगळाच दोष मेहुण्याच्या माथी बसला असता असं आमच्या वकिलांचं मत. आता आमच्या शिवारात मागं पट्टी असल्याशिवाय ट्रॉली फडाबाहेर पडू देत नाही. मुकादम कुरकुरतात, पण ऐकतात.

चंदगड तालुका, नोकरी बेळगावात

बाची आणि तुरमुरीच्या दरम्यान जीपनं मला उडवलं. म्हणजे अपघात कर्नाटकात, घर महाराष्ट्रात. दवाखान्यात पोलीस फिर्याद घ्यायला आले, कागद कन्नडमध्ये. मी गुंगीत होतो. ताई शेजारी बसलेली, ती म्हणाली, "साहेब, सही नंतर, आधी काय लिहिलंय ते सांगा की." त्यांनी वाचून अर्थ सांगितला तेव्हा कळलं, मी 'अचानक आडवा आलो' असं त्यात होतं. मी तर कडेनं चालत होतो. ताईनं ते बदलून घेतलं. फिर्याद वाचून दाखवणं हे पोलिसांवर कायद्यानंच बंधन आहे, आणि एफआयआरची प्रत जखमीला फुकट मिळते. ताईनं एवढा धीर धरला म्हणून माझा क्लेम उभा राहिला, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

दुसरं, आमच्या गावात सगळ्यांना वाटतं की दावा बेळगावातच लावायला लागतो. तसं नाही ओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात झाला तिथं, जखमी राहतो तिथं किंवा समोरचा पक्ष राहतो तिथं, यांपैकी कुठंही अर्ज करता येतो. मी कोल्हापूर जिल्ह्यातच केला. कन्नड कागदांचं भाषांतर करून घ्यावं लागलं, तेवढाच जास्तीचा खर्च. हद्दीवरून कोणी परत पाठवत असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार कुठल्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे जातो. आणि एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर घरी बसू नका.

उद्यमबाग, प्रेस ऑपरेटर

आमच्या शॉपमध्ये पॉवर प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) राहूच शकत नाही. पण जॉब जास्त निघावेत म्हणून एक बटण कायमचं दाबून बांधलेलं. माझ्या शेजारच्या पोराचा अंगठा त्यात गेला. एकविशीतलं पोर.

दवाखान्यात नेताना ठेकेदार त्याला सांगत होता, "अंगठा घरी दारात सापडला असं सांग, बिल मी भरतो." ह्याच एका वाक्यानं किती जणांचं नुकसान झालंय! केसपेपरवर 'घरी' लिहिलं की कामावरचा अपघात सिद्ध करताना नाकी नऊ येतात. आम्ही दोघांनी डॉक्टरांना मशीनवर झालं असंच सांगितलं आणि अपघात नोंदवहीत नोंद करायला लावली. ठेकेदाराचा कामगार असला तरी ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) जबाबदारी मुख्य मालकावरही येते. उपचार मिळाले, रजेच्या काळात पगाराच्या सुमारे नव्वद टक्के मिळाले, आणि कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डापुढं उभा राहिला. जिथं ईएसआय लागू नव्हता तिथं १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. १९२३ च्या कायद्यात पूर्ण अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के हानी धरत. 'माझी काही तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तरी त्या कायद्याखालचा हक्क जात नव्हता.

तुटलेलं बोट थेट बर्फात घालू नका. ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. जखमेवर दाब धरून हात वर ठेवा.

खानापूर तालुका, शिक्षिका

भाताच्या मळणीत आमच्या शेजारच्या काकींचा हात मशीनमध्ये गेला. पेंढी आत ढकलताना बांगड्या अडकल्या. मशीनच्या तोंडाला लांब पन्हाळ असती तर हात रोलरपर्यंत पोचलाच नसता, पण ती 'अडचण होते' म्हणून काढून ठेवलेली. पदर खोचणं, बांगड्या उतरवणं, अंधार पडल्यावर मळणी थांबवणं एवढं तरी प्रत्येक खळ्यावर व्हावं असं मला मनापासून वाटतं. मी शाळेत मुलांकडून हे घरी वदवून घेते.

काकी रोजंदारीवर होत्या. यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामातले मजूरही १९२३ च्या कायद्यात येत होते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मालक आमच्यातलेच, भावकीतले, म्हणून तक्रार नको असं सगळ्यांचं म्हणणं. पण मनगटापासून हात गेलेली बाई उद्या काय खाणार? त्या कायद्यात दोन वर्षांच्या आत अर्ज करता येत होता, तो आम्ही केला. उपचाराचा खर्चही वेगळा मागता येतो.

शहापूर, रिक्षा चालवतो

जखमीला उचलायला लोक भितात, पोलीस नादाला लावतील म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ वाचा. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. मी आजवर कितीतरी जणांना सिव्हिलला पोचवलंय, कुणी अडवलेलं नाही. मान, पाठ दुखत असेल तर मात्र ओढून काढू नका, १०८ ला फोन करा.

बेळगाव, कायदेशीर मदतीचं काम करते

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं ऐकलं की जीव तुटतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. फोन १५१००. ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे, दाखल करतानाच तिचं नाव घ्या.

आणि अपंगत्वाच्या टक्केवारीवर गप्प बसू नका. दाखल्यावर वीस टक्के असेल, पण गवंड्याला खांदा उचलता येत नसेल तर त्याची कमाई किती बुडाली ते कोर्टानं बघायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात हेच सांगितलंय. कामाचा पुरावा द्या: मजुरीची वही, मुकादमाची साक्ष, काहीही.

येळ्ळूरकडून

सौंदत्तीच्या यल्लम्माला ट्रॉलीतून जाणाऱ्यांनी हे वाचावं. मालाच्या ट्रॉलीत बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनी सहसा नाकारते. मग जखमींची भरपाई मालकाच्या डोक्यावर येते आणि त्याच्याकडं नसेल तर हुकूम हातात असून पैसे येत नाहीत. आमच्या भावकीत असंच झालं, दोन्ही घरं रडली. कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून सरकारी साध्या बसला तिकीट नाही. आता गल्लीतल्या सगळ्या बायका बसनं जातात, आणि ट्रॉलीतून फक्त भांडी आणि शिधा जातो.