यूकेत बीआरपी कार्ड (परदेशी लोकांचा राहायच्या परवानगीचा पुरावा) बंद करून फक्त ई-व्हिसा (त्याच परवानगीची ऑनलाइन नोंद) ठेवला, हे बरोबर झालं का?

रानवारा:
२००८ पासून परदेशी लोकांना यूकेत बीआरपी कार्ड मिळायचं, ते बंद झालं. बहुतेकांच्या कार्डावर ३१ डिसेंबर २०२४ हीच शेवटची तारीख होती, अगदी आयएलआर म्हणजे कायम राहायची परवानगी असलेल्यांच्याही. कायम राहायचा हक्क आहे पण दाखवायला हातात काही नाही, हे मला अजिबात पटत नाही. सुट्टीवरून परत येताना चेक-इनवाला आईकडे कार्डच मागत बसला, ई-व्हिसा म्हणजे काय ते त्याला माहीत नाही, मागे ही लाईन, वायफाय चालेना आणि लॉगिनचा कोड येणार यूकेच्या सिमवर जे रोमिंगला बंद. आई रडवेली झाली होती हो.

कोकणकडा:
आईंना त्रास झाला हे वाईटच, पण कार्ड तरी काय सुखाचं होतं? भारतात गेल्यावर हरवलं की परत यायला वेगळा व्हिसा काढा. आणि नोकरीसाठी कंपन्यांना एप्रिल २०२२ पासून कार्ड बघून चालतच नव्हतं, तेव्हापासून शेअर कोडच, म्हणजे आपली नोंद दुसऱ्याला बघू देणारा, सरकारी साइटवरून काढायचा कोड. तो कोड आणि जन्मतारीख दिली की काम झालं, ९० दिवस चालतो, संपला की नवा काढा, फुकट.

रानवारा:
कोड फुकट आहे हो, पण साइट बंद पडली की काय दाखवायचं? नवीन पासपोर्ट आला की तोही अकाउंटला जोडायचा, हे किती वयस्कर लोकांना जमतं? सगळं मुलांच्या भरवशावर.

सांजवेळ:
रानवाराशी सहमत. विंडरश प्रकरण विसरलात का? कॅरिबियनमधून आलेले लोक, लहानपणापासून तिथे राहिलेले, त्यांच्या लँडिंग कार्डांचा (यूकेत उतरल्याच्या नोंदींचा) गठ्ठा २०१० मध्ये सरकारनेच नष्ट केला आणि नंतर पुरावा मागितला त्यांच्याकडेच. नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढलं, २०१८ मध्ये सगळं बाहेर आलं. एकच प्रत आणि ती पण सरकारकडे, मला भीती याचीच वाटते.

कोकणकडा:
अहो पण विंडरशवाल्यांचं नेमकं तेच झालं ना, सरकारकडे धड नोंदच नव्हती! ई-व्हिसात ती आहे आणि आपल्याला रोज बघता येते, चुकली असेल तर आधीच कळवता येतं.

सांजवेळ:
चूक कळवून दुरुस्त होईपर्यंत नोकरी थांबते का? डिजिटल ठेवा, माझी ना नाही, पण सोबत नेट नसताना स्कॅन होईल असा क्यूआर असलेला एक कागद द्या, चेक-इनवाल्यालाही तेवढंच लागतं.

कोकणकडा:
क्यूआरला माझा विरोध नाही. कार्ड परत आणायला आहे.