मदत हवी आहे : आईसाठी कॅरमचं टेबल, जुनं सागवान चौकटीला चालेल का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीत आईला ७० वं वर्ष लागतंय. तिच्यासाठी कॅरमचं टेबल घरीच करायला घेतलंय. घर चिपळूणजवळ आहे. मे महिन्यात नातवंडं जमली की दुपारभर डाव चालतात आणि आई अजूनही रिबाउंडवर राणी घेते. पण गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसवत नाही, कॉटवर बोर्ड ठेवला तर पाठ धरते. म्हणून खुर्चीत बसून खेळता येईल असं टेबल हवंय. खेळ नसेल तेव्हा वर झाकण टाकून भाजी निवडता यावी, पेपर वाचता यावा.

पडवीचं छप्पर बदललं तेव्हा निघालेले सागवानी वासे जपून ठेवलेत. खिळे काढून रंधा मारून पाहिला, आतून लाकूड निरोगी आहे. छप्पर आजोबांनी घातलेलं, त्यामुळे आईच्या टेबलाला हेच लाकूड लागावं अशी फार इच्छा आहे.

मापं स्पर्धेच्या नियमांप्रमाणे धरलीत. खेळायची जागा ७४ सेंमी चौरस, चौकटीची रुंदी ७ सेंमी, म्हणजे बाहेरून ८८. नियमात प्लाय किमान ८ मिमी जाड लागतो, मी १२ घेतोय. जमिनीपासून उंची ६३ ते ७० सेंमी चालते, मी ६६ ठरवली.

अडचण इथेच आहे. खुर्चीची बैठक ४५ सेंमीवर. मांड्या सुखाने आत जायच्या तर खालून ६० सेंमी तरी मोकळे हवेत. प्लायची जाडी वजा केली की पाय जोडणाऱ्या आडव्या पट्टीला जेमतेम ४.८ सेंमी उरतात. एवढ्या अरुंद पट्टीत कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) बसवून टेबल हललं तर? स्ट्रायकर जोरात मारला की थरथर नको. खाली आडवे दांडे घातले तर आईचे पाय अडकतील. चारही कोपऱ्यांत आतून तिरके ठोकळे स्क्रूने आवळले तर पुरेल का? कुणी केलं असेल तर नक्की सांगा.

दुसरं, सागवान शिसवीपेक्षा मऊ. बाजारात बाभळीच्या आणि शिसवीच्या चौकटी पाहिल्यात, त्यांचा रिबाउंड कडक येतो. सागवानाच्या आतल्या कडेला शिसवीची साधारण १ सेंमीची पट्टी चिकटवली तर तसाच येईल का, की जोडामुळे मार बसका होईल? मला सर्वांत जास्त काळजी याचीच आहे. आईचा निम्मा खेळ रिबाउंडवर आहे.

कोकणातल्या पावसात सागवानही रुंदीत थोडं फुगतं, प्लाय मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून चौकट प्लायला फेविकॉलने न चिकटवता खालून लांबट भोकांत स्क्रू घालायचा विचार आहे, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहील. ४५ अंशांत कापलेले कोपरे मात्र चिकटवावेच लागतील. ते हिवाळ्यात उघडतील का?

झाकणाचं काम सोपं आहे. एकाच तुकड्यात १२ मिमी प्लायचं केलं तर साडेपाच किलोच्या आसपास भरतं, आईला उचलणार नाही. म्हणून दोन भाग करतोय. वर ५.५ सेंमीच्या घरांचा बुद्धिबळाचा पट रंगवणार आहे, फट बरोबर चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधून जाईल.

पॉलिशबद्दलही सांगा. तेलाचा हात दिला तर बोरिक पावडर चिकटेल असं वाटतं. आधी रेषा रंगवून वर मेलामाइन पॉलिश मारावं की पीयू (पॉलियुरेथेन)? बंद खोलीत काम करायचंय, म्हणून वासाचाही विचार आहे.

चौकट गणपतीत गावी जाईन तेव्हा जुळवायची आहे. तेव्हा हवा ओली असते. नवरात्रानंतर थांबणं बरं असेल तर तसं सांगा, जमवेन. पण शिसवीच्या पट्टीचं उत्तर गणपतीआधी मिळालं तर फार बरं होईल, ती इथल्या पुण्यातल्या वखारीतूनच कापून नेता येईल.

आगाऊ धन्यवाद.