नवे रस्ते पुरे, आधी आहेत ते जपा : पटतं का?

उमरेडकर :
प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. ७०,१२५ कोटी रुपये, ६२,५०० किलोमीटर नवे रस्ते. पण झालेल्या रस्त्यांचं काय? या योजनेत ठेकेदार पाच वर्षं देखभालीला बांधलेला असतो. ती संपली की भार राज्यावर येतो आणि रस्ता पोरका होतो. आपली जमीन काळी, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. बाजूची नाली बुजली की पाणी थेट खडीत मुरतं. पहिल्या वर्षी नुसती भेग असते, तेव्हा थोड्या डांबरात काम भागतं. तेव्हा पैसे नसतात म्हणून तीन पावसाळ्यांनंतर अख्खा थर उखडून नव्यानं करावा लागतो. आपल्या नागपूर जिल्ह्यात भिवापूरकडच्या आतल्या रस्त्यांवर बघा. डांबराची कड तुटून साईडपट्टी वीतभर खाली गेली आहे. समोरून टिप्पर आला की मोटारसायकल खाली उतरवावी लागते आणि ओल्या मातीत चाक फसतं. माझं म्हणणं एवढंच : देखभालीचा निधी वेगळा राखून ठेवा, तो नव्या कामांकडे वळवू देऊ नका.

नरखेडचा बागायतदार :
दादा, तुमच्या दारात डांबर आहे म्हणून तुम्हाला दुरुस्ती आधी सुचते. माझ्या बागेपर्यंत पाणंदच आहे, म्हणजे शेताकडे जाणारी मातीची वाट. आंबिया बहाराची संत्री तोडायला येतात तेव्हा परतीचा पाऊस नुकता होऊन गेलेला असतो. व्यापाऱ्याची गाडी बांधापर्यंत येत नाही, मग कॅरेट डोक्यावर वाहायचे. त्याची मजुरी आणि पाडलेला भाव, दोन्ही माझ्याच अंगावर. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद योजना आली, रोहयोच्या जोडीनं. आमची पाणंद अजून मातीचीच. आम्हाला आधी एकदा रस्ता द्या, मग जपण्याचं बोलू.

उमरेडकर :
तुमची पाणंद झालीच पाहिजे. पण खडी टाकल्यावर नाली काढायला आणि मोरी साफ करायला पैसा नसेल, तर दोन वर्षांत पुन्हा चिखलच.

निवृत्त शाखा अभियंता :
दोघांचंही मला अपुरं वाटतं. ग्रामीण रस्ता साधारण पावणेचार मीटर रुंद, हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला. त्यावरून कोळशाचे आणि कन्हानच्या रेतीचे टिप्पर जातात. आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, हे आमच्या शास्त्रातलं जुनं गणित. ओव्हरलोड थांबवला नाही तर कितीही निधी द्या, पुरणार नाही. आणि उमरेड-सावनेर पट्ट्यात रस्ता खाणीच्या वाहतुकीनं तुटत असेल, तर खर्च खाणवाल्यांकडून जमा होणाऱ्या जिल्हा खनिज निधीतून करा. जिल्हा परिषदेच्या तुटपुंज्या ३०५४ मधून, म्हणजे रस्त्यांच्या लेखाशीर्षातून का?

कुहीची आशाताई :
साहेब, खनिज निधीवर हात टाकू नका. २०१५ च्या मूळ नियमांतच त्यातला किमान ६० टक्के पैसा पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी राखला होता. खाणीची धूळ ज्यांच्या छातीत जाते त्यांच्या तपासणीचा तो पैसा आहे. उरलेल्यातून रस्ते करा, माझी हरकत नाही. पण बाळंतपणाची बाई गाडीत असते तेव्हा निधी कुठल्या खात्यातला हे मी विचारत नाही. रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या फरशीवर पाणी असलं की गाडी अलीकडेच थांबते. देखभाल म्हणजे फक्त खड्डे नव्हेत, रपट्याजागी पूलही त्यात धरा.

धरमपेठेतून :
मोठे रस्तेही लागतातच. ७०१ किलोमीटरची समृद्धी जून २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली, ती विदर्भाच्या मालासाठीच.

नरखेडचा बागायतदार :
समृद्धीवर चढायला आधी गावाबाहेर पडता आलं पाहिजे ना भाऊ! विदर्भाच्या रस्त्यांचा अनुशेष दांडेकर समितीनं १९८४ मध्येच मोजून दिला होता. आतल्या रस्त्यांची पाळी कधी?

निवृत्त शाखा अभियंता :
ताईंचं पुलाचं म्हणणं मान्य, पण पूल हे नवं बांधकाम. ते देखभालीत घातलं की नाल्यांचा पैसा पुन्हा संपला म्हणून समजा. एक काम मात्र आजच करता येईल : ग्रामसडकेच्या फलकावर देखभालीची रक्कम वर्षावार लिहिलेली असते. ग्रामसभेत ती वाचा, आणि मुदत संपण्याआधी ठेकेदाराकडून नाल्या काढून घ्या.

उमरेडकर :
वाचतो. पण सहाव्या वर्षी कोणाला विचारायचं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.