हरिकेनच्या आधी एसीच्या बाहेरच्या युनिटचं काय करायचं? (टँपा, फ्लोरिडा)

नवीन_टँपाकर
मंडळी, आम्ही मार्चमध्ये न्यू जर्सीहून टँपाला आलो, त्यामुळे हा पहिलाच हरिकेन सीझन. एसीचं बाहेरचं युनिट मागच्या अंगणात सिमेंटच्या स्लॅबवर आहे, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. शेजारच्या काकू म्हणतात ताडपत्री गुंडाळून दोरीने करकचून बांध, नवरा म्हणतो काही गरज नाही, ते पावसात भिजायलाच बनवलंय. कोणाचं ऐकू? आणि वादळात एसी चालू ठेवला तर चालतो का, घरात तान्हं बाळ आहे हो.

खारा_वारा
नवऱ्याचं ऐका (एवढ्यापुरतं 😄). पावसाने काही होत नाही, भीती असते ती उडून येणाऱ्या सामानाची. २०२४ला हेलन आणि मिल्टन या दोन हरिकेनमध्ये दोन आठवड्यांचंही अंतर नव्हतं, हेलनमध्ये भिजलेल्या गाद्या, सोफे, ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे पत्रे) लोकांनी रस्त्याकडेला काढून ठेवलेलं, ते उचलून व्हायच्या आत मिल्टन आलं आणि सगळ्यांना धास्ती की आता हेच अंगावर येणार. म्हणून आधी कुंड्या, खुर्च्या, ग्रिल सगळं आत घ्या. युनिट स्लॅबला पट्ट्यांनी नीट आवळलंय का तेही बघा, पट्ट्या गंजल्या असतील तर आत्ताच बदलून घ्या, वादळाचं नाव टीव्हीवर आलं की टेक्निशियन फोनच उचलत नाहीत. ताडपत्रीत दमटपणा कोंडतो, आणि ती तशीच राहून कोणी एसी लावला तर कॉम्प्रेसरचे बारा वाजलेच समजा.

वादळाच्या आधी घर चांगलं ६८-७० डिग्री फॅरनहाइटपर्यंत गार करून घ्या, दारं-खिडक्या बंद, आणि वारा वाढायला लागला की थर्मोस्टॅटवर बंद करून ब्रेकरही पाडा. लाइट जाते-येते त्या झटक्यांनीच एसीतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि कपॅसिटर उडतात.

वायरमन_नाना
वरच्यांशी सहमत, पण खरी गंमत वादळानंतर असते. लाइट आली की लोक धावत जाऊन एसी लावतात, तसं करू नका!! आधी बाहेर जाऊन बघा, पंख्यात फांदी अडकलीय का, तांब्याची नळी वाकलीय का, युनिट सरकलंय का. पुराचं पाणी युनिटला लागलं असेल, म्हणजे आजूबाजूच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसली, तर टेक्निशियनने तपासल्याशिवाय ब्रेकर वर करायचाच नाही, वरून कितीही सुकलेलं दिसलं तरी. खारं पाणी तर आतले कनेक्शन हळूहळू खातं, आज चाललं म्हणून पुढच्या महिन्यात चालेल असं नाही. नुसते खारे शिंतोडे असतील तर वीज बंद ठेवून बागेच्या नळीने हलकं धुवा, प्रेशर वॉशर नको, जाळीच्या पात्या आडव्या होतात.

नवीन_टँपाकर
बापरे. मग हे इन्शुरन्समध्ये मिळतं ना?

खारा_वारा
झाड पडलं, वाऱ्याने उडालं तर होमओनर्समधून (घराचा नेहमीचा विमा), तेही हरिकेनचं डिडक्टिबल (आपण खिशातून भरायची रक्कम) वेगळं आणि जास्त असतं. पुराच्या पाण्याचं त्यात नाही, त्याला फ्लड पॉलिसी वेगळी, आणि सरकारी योजनेतली बहुतेक वेळा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळ दिसल्यावर घेऊन उपयोग शून्य. सिरीयल नंबरच्या पाटीचा फोटो आजच काढून ठेवा.

नवीन_टँपाकर
थँक्यू! आमच्या पॅनलवर एकाही ब्रेकरला लेबल नाहीये, आज एकेक पाडून बघते.

वायरमन_नाना
एसीचे बहुधा दोन असतात हं, बाहेरच्याचा वेगळा आणि आतल्या एअर हँडलरचा (घरात गार हवा फिरवणारं युनिट) वेगळा. दोन्ही शोधा.