लोणंद–आटपाडी–सांगोला: आठवडी बाजार बघत गाडीने फिरायचंय, वार आणि वेळा सांगा

वाटेवरचा_पुणेकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात गुरुवार ते रविवार असे चार दिवस मोकळे काढलेत. बरोबर बायको, पाचवीतली मुलगी आणि वडील. वडिलांनी तरुणपणी बैल राखलेत, नोकरीसाठी पुण्यात आले ते इथलेच होऊन गेले. त्यांना एकदा पुन्हा बैलबाजार बघायचाय. म्हणून या वेळी किल्ला, रिसॉर्ट काही नको, या बाजारातून त्या बाजारात असं ठरवलंय. पुण्यातून जेजुरी, नीरा करत लोणंद, मग फलटण, म्हसवड, आटपाडी, सांगोला अशी वाट काढलीय.

वार जुळतात का? किती वाजता पोचावं? बायको आणि मुलगी जनावरांच्या बाजारात फिरल्या तर चालतं ना? फोटो काढले तर लोकांना आवडतं का? आणि बाजारातून काय घ्यावं? पुण्यात मिळतं तेच पुन्हा घेऊन यायचं नाहीये.

माणकाठची

दादा, वार जुळतात. लोणंद गुरुवार, आटपाडी शनिवार, सांगोला रविवार. शुक्रवार वाटेत जातो, तो जाऊ द्या, म्हसवड त्याच दिवशी बघा.

मी आटपाडी तालुक्यातली, आता सांगलीला शिकवते. शनिवारचा बाजार मला घरातल्या माणसासारखा माहीत आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते.

आटपाडीचा बाजार शेळ्यामेंढ्यांचा. उजाडायच्या आत पिकअप, छोटा हत्ती यायला लागतात. लांबच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं आदल्या रात्रीच येऊन पडतात. खरा व्यवहार सकाळी सहा ते नऊ. दहानंतर गेलात तर लेंड्या आणि चहाचे पेले बघायला मिळतील. म्हणून शुक्रवारचा मुक्काम आटपाडीतच करा. पुण्याहून पहाटे निघून गाठू म्हणाल तर बाजार निम्मा उठलेला असेल.

आत गेल्यावर आधी बायका कुठे बसल्यात ते बघा. आमच्या माणदेशात जमीन पुरुषाच्या नावावर, दूध डेअरीचं बिल पुरुषाच्या हातात, पण शेळी बाईची. माझ्या आईच्या शेळ्यांनी माझी दहावीची आणि पुढे डी.एड.ची फी भरलीय. बोकड कधी विकायचा हे ती शाळेच्या तारखा बघून ठरवायची, आणि व्यापाऱ्याला ते कळू द्यायची नाही. अडलेल्या माणसाचा भाव पडतो. अजूनही तिथे दोन करडं दाव्याला धरून गप्प बसलेली बाई दिसली, तर तिला गरज आहे की नाही हे तिच्या तोंडावरून तुम्हाला ओळखता येणार नाही. तेच तिचं कसब आहे.

इथे वजनकाटा क्वचित दिसेल. व्यापारी येतो, शेळीच्या कमरेवर पंजा ठेवून दाबतो, कणा किती भरलाय ते बघतो, मागून उचलून वजनाचा अंदाज घेतो आणि उक्ता भाव सांगतो. मालकीण मान हलवते. तो पुढे जातो, फिरून परत येतो. हे तीनचारदा होतं. त्या वेळात मध्ये बोलू नका, लांबून ऐका. बहुतेक शेळ्या काळ्या उस्मानाबादी. मेंढ्यांत पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक दिसलं की ती माडग्याळ. माडग्याळ हे पलीकडे जत तालुक्यातलं गाव. चांगल्या माडग्याळ नराची किंमत ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. धनगर मंडळी त्याला पोरासारखा सांभाळतात. मुलीला नक्की दाखवा, आधी मालकाला विचारून हात लावू द्या.

बकरी ईदच्या आधीच्या बाजारात तर पाय ठेवायला जागा नसते, मुंबई-हैदराबादकडचे व्यापारी उतरतात. तुम्ही डिसेंबरात येताय ते बरं, थोडं निवांत मिळेल.

जनावरं आटोपली की भाजी आणि किराण्याच्या बाजूला या. डिसेंबरात काय घ्यायचं ते सांगते. हुलगे, मटकी आणि बाजरी. आमची मटकी बारीक असते, पण मोड आले की चव वेगळीच. हुलग्याचं माडगं थंडीत करून बघा. बोरं मिळतील, आंबटगोड, ती मुलीच्या हातात द्या. घायपाताचे दोर, शिंकी, बुरडांची सुपं आणि डालगी, शिंदीच्या केरसुण्या, हेही बघा. घोंगडं घ्यायचं असेल तर हाताने विणलेलं आणि लोकरीचं आहे ना ते विचारून घ्या. खरं घोंगडं अंगाला टोचतं आणि त्याला मेंढीचा वास येतो. अगदी मऊ लागलं तर त्यात दुसरं सूत आहे. जी आजी चार वाटे मांडून बसलीय तिच्याकडून घ्या आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. बाजारात भाव करतात हे मला ठाऊक आहे, आम्हीही करतो. पण आम्ही दर शनिवारी येतो, पुढच्या वेळी ती आमच्याकडून वसूल करते. तुम्ही परत येणार नाही.

शुक्रवारी म्हसवडला थांबाल तेव्हा सिद्धनाथाचं दर्शन घ्या आणि माणदेशी महिला बँकेची इमारत बाहेरून का होईना बघा. १९९७ साली म्हसवडमध्ये सुरू झालेली बायकांची सहकारी बँक आहे. आठवडी बाजारात भाजी, बांगड्या, सुकी मासळी विकणाऱ्या कितीतरी बायकांचं भांडवल तिथून येतं. बाजाराच्या सकाळी सावकाराकडून उसने पैसे घ्यायचे आणि संध्याकाळी व्याजासकट परत करायचे, असं मी माझ्या मावशीला करताना बघितलंय. त्यामुळे ही बँक मला देवळाइतकीच महत्त्वाची वाटते.

तुमची बायको आणि मुलगी फिरल्या तर कुणाला काही वाटणार नाही, निम्मा बाजार आमचाच असतो. अडचण स्वच्छतागृहाची. बाजारतळावर भरवसा ठेवू नका, मुक्कामाच्या जागेवरूनच आवरून निघा. पायात चपला नको, बूट घाला.

नीरथडीचा_कांदेवाला

लोणंदचं मी सांगतो, आमचा माल तिथेच जातो. गुरुवारी कांद्याचा लिलाव असतो आणि शेळ्यामेंढ्यांचा बाजारही त्याच दिवशी. डिसेंबर म्हणजे हळव्या, म्हणजे लवकर निघणाऱ्या कांद्याची आवक, बाजार समितीचं आवार गोण्यांनी भरलेलं दिसेल. पुण्यातून सहाला निघा, म्हणजे जेजुरीला चहा घेऊनही वेळेत पोचाल.

लिलाव कसा बघायचा तर गर्दीच्या मागे मागे चालायचं. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकतो, एकजण मूठभर कांदा उचलून माना आणि पत्ती बघतो, बोली चढते, काही क्षणांत विषय संपतो. चार महिने राबलेल्या मालाचा भाव तेवढ्यात ठरतो. शेतकरी ढिगाशेजारीच उभा असतो. त्याच्या तोंडाकडे बघाल तर भाव पाटीवर वाचावा लागणार नाही. नंतर अडत्याकडून पट्टी मिळते, त्यात हमाली, तोलाई वजा होऊन हातात काय पडलं ते लिहिलेलं असतं. तुमच्या मुलीला कुणाची तरी पट्टी वाचायला मागा, कुणीही दाखवेल. पुण्यातला किलोचा भाव आणि पट्टीवरचा क्विंटलचा भाव, ही वजाबाकी तिने स्वतः करावी असं मला मनापासून वाटतं.

लोणंदहून फलटणकडे जाताना तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो, माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं ते ठिकाण. वडिलांना आवडेल, रस्त्यालाच आहे.

खिलार_नाद

सांगोल्याला वडिलांना घेऊन जाताय हे वाचून बरं वाटलं. शनिवारी रात्री सांगोल्यातच राहा, रविवारी उजाडताच बाजारात. गाई, म्हशी, जर्सी, होल्स्टीन सगळं येतं, कर्नाटकातून गिऱ्हाईक येतं. पण आजोबांना आधी खिलार बैलांच्या दावणीला न्या. आटपाडी महाल, म्हसवडी, हनम अशा खिलारमधल्या जाती आजोबांना शिंगावरून आणि रंगावरून ओळखू येतील, त्यांनाच सांगू द्या.

वय दातांवरून. आदत म्हणजे दुधाचे दात, अजून पडलेले नाहीत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळला. दोनदाती साधारण दोन-अडीच वर्षांचा, जुळलेला पाचाच्या आसपास. गाय बघणार असाल तर नुसत्या भरलेल्या कासेवर जाऊ नका, धार न काढता कास तुंबवून आणणारेही असतात. जाणता माणूस समोर धार काढून मागतो.

हल्ली कानात बिल्ला नसेल तर बाजारात खरेदीविक्री होत नाही, २०२४ च्या जूनपासून तसा नियम आहे. लंपीच्या साथीत २०२२ मध्ये हे सगळे बाजार बंद होते, तेव्हा आमच्याकडे लोकांना खोंड विकता येईना आणि वैरण परवडेना. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा खिलारच्या खोंडाला कुणी विचारत नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि दावणी परत भरल्या. शर्यतीबद्दल लोकांची मतं वेगळी आहेत, मला मान्य आहे. पण ट्रॅक्टर आल्यावर खिलार कुणी कशासाठी पाळायचा याचं दुसरं उत्तर आमच्या गावात अजून कुणी दिलेलं नाही.

बाजाराच्या कडेला बैलांच्या साजाची दुकानं असतात. कासरे, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांच्या टोकाला घालायच्या शेंब्या. घुंगरमाळ वाजवून घ्या, पितळेची असेल तर आवाजात कळतं.

वाटेवरचा_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. "आदत" शब्दाला त्यांनी मान डोलावली आणि एकच विचारायला सांगितलं: रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे, ते अजून चालतं का? ताई, फोटोचं राहिलं. आणि मुलीने करडू घ्यायचा हट्ट धरला तर काय करू, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

माणकाठची

आजोबांना सांगा, चालतं, पण कमी झालंय. मोठ्या बैलजोडीच्या सौद्यात जुने हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, अजून हातांवर टॉवेल टाकतात. तोंडाने नुसतं "हे हजार, हे शंभर" एवढंच म्हणायचं आणि आकडा बोटांच्या पकडीत सांगायचा. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. एकाशी सौदा फिसकटला तरी दुसऱ्या गिऱ्हाइकाला मागितलेला भाव माहीत नसतो, म्हणून विकणाऱ्याची पत राहते. तरुण पोरं सरळ आकडा बोलतात किंवा मोबाइलवर टाइप करून दाखवतात. जमलं की विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातावर ठेवतात आणि बाजार समितीची पावती करतात. आजोबांनी एखाद्या हेड्याशी बैलाबद्दल बोलायला सुरुवात केली तर तो स्वतःच हात पुढे करून दाखवील.

फोटो काढा, पण आधी बोला. जनावराची चौकशी करा, गाव कुठलं विचारा, मग "एक फोटो काढू का" म्हणा. सहसा नाही म्हणत नाहीत, बैलवाले तर बैल नीट उभा करून देतात. सौदा चालू असताना काढू नका. आणि ज्या घरचा जुना बैल किंवा शेवटची गाय विकायला आलीय तिथे कॅमेरा आत ठेवा. तुम्हाला ते ओळखू येईल. मालक कासरा खरेदीदाराच्या हातात द्यायला वेळ लावतो, घरातली बाई आली असेल तर ती जनावराच्या तोंडाला भाकरी लावते. आम्ही कुणीच तिकडे टक लावून बघत नाही.

करडाचं म्हणाल तर ते घरी आणता येणार नाही असं मुलीला सांगा, आणि कारणही सांगा. करडू आईवेगळं होऊन एकटं राहत नाही, ओरडून ओरडून जीव काढतं. त्याऐवजी तिला शनिवारी तास-दीड तास एखाद्या बाईशेजारी बसू द्या. विचारलंत तर माझी चुलती तिथेच असते, तिला आधी फोन करून ठेवीन. मला व्यक्तिगत निरोप करा.

आणखी एक. शनिवारी सांगोल्यात खोली मिळाली नाही तर पंढरपूर तासाभरावर आहे, पण आधी पंचांग बघा. एकादशी त्या दिवसांत येत असेल तर पंढरपुरात खोली आणि रस्ता दोन्ही मिळणार नाही. मग आटपाडीतच दुसरी रात्र काढा आणि रविवारी पहाटे पाचला निघा, उजाडेपर्यंत सांगोल्यात पोचाल.