मदत हवी आहे – सेवेच्या याद्या आणि रजिस्टर यात प्रार्थना कुठे शोधायची?

नमस्कार मंडळी, मी वसईकडची कॅथलिक, आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गरजू कुटुंबांना रेशन देणाऱ्या ग्रुपची सेक्रेटरी झालेय. काम म्हणजे याद्या, पावत्या, कोण कोणाच्या घरी भेटीला जाणार त्याचं टाइमटेबल, आणि व्हॉट्सॲपवर आठवणी करत बसणं (ज्याने केलंय त्यालाच कळेल!). ग्रुपमधली तरुण मुलं म्हणतात की हे तर ऑफिसचंच काम झालं, यात अध्यात्म कुठेय?

मला स्वतःला बायबलमधला प्रेषितांची कृत्ये अध्याय 6 फार पटतो. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, तक्रार आली, तर प्रेषितांनी (येशूच्या मुख्य शिष्यांनी) नुसतं प्रवचन नाही दिलं, वाटपासाठी सात माणसं नेमली आणि तीही आत्म्याने भरलेली हवीत अशी अट घातली, त्यातलाच एक स्तेफन. म्हणजे यादी नीट नसेल तर कुणीतरी उपाशी राहतं, एवढं साधं आहे ते. मठांसाठी नियम लिहिणारे संत बेनेडिक्टही सहाव्या शतकात सांगून गेले की मठातली भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळा. मार्था आणि मरियेचा उतारा (मार्था कामात गुंतलेली, मरिया येशूचं ऐकत बसलेली, आणि येशू मरियेची बाजू घेतो) मात्र मुलं लगेच माझ्यावर उलटवतात 😅

तर कुणी व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत (गरिबांना मदत करणारी कॅथलिक संस्था) किंवा तसल्या सेवेत असाल तर प्लीज सांगा, मीटिंगच्या सुरुवातीला नक्की काय करता? छोटी मराठी प्रार्थना, एखादं वाचन, हिशोबाआधी दोन मिनिटं शांतता, काहीही चालेल. उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या लेंटच्या) आधी सुरू करायचंय.