पिकअपचा डिझेल पंप गेला तेव्हा... आपापले अनुभव लिहा

मंडळी, माझी 2008 ची पिकअप आहे. मोसंबी जालन्याच्या मार्केटला न्यायची, येताना खत, पेंड, जे असेल ते भरून आणायचं. मागच्या हंगामात ऐन तोडणीत गाडीनं दगा दिला. पंपाच्या कामात आपल्या भागातल्या लोकांचा पैसा फार वाया जातो असं मला त्यातून दिसलं, म्हणून हा धागा. ज्यांनी पंप बदलला, दुरुस्त केला किंवा उगाच बदलला, त्या सगळ्यांनी वर गावाचं नाव टाकून लिहा. माझ्यापासून सुरुवात करतो.

अंबड

सुरुवात सकाळच्या सेल्फपासून झाली. एका सेल्फला लागणारी गाडी चार-पाच सेल्फ घ्यायला लागली. मग डिझेल ओढायचा हातपंप दहा-बारा वेळा दाबल्याशिवाय चालू होईना गेली. चढाला माल असला की तिसऱ्यातही ओढ नाही. गॅरेजवाल्यानं बघितलं आणि "मेन पंप गेला, अठरा हजार धरा" म्हणाला. मेन पंप म्हणजे नोझलला, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीला, दाबानं डिझेल देणारा. मी पैशाची जुळवाजुळव सुद्धा केली होती.

त्याच दिवशी ऑइलची पट्टी काढून बघितली, कारण लांब जायच्या आधी बघायची सवय आहे. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! मी तर टाकलं नव्हतं. बोटाला लावून हुंगलं तर डिझेलचा वास. ऑइल पाण्यासारखं पातळ झालेलं.

आमच्याकडं एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी पट्टी बघितली, काही बोलले नाहीत. फीड पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून मेन पंपाला देणारा छोटा पंप, त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळीचा बोल्ट सैल केला आणि मला सेल्फ मारायला लावला. तिथून डिझेलची धार उसळायला पाहिजे. थेंब थेंब आलं. "मेन पंपाला डिझेलच पोचंना, तो बिचारा काय करील?" म्हणाले. फीड पंपाच्या दांडीचं सील झिजलं होतं, तिथून डिझेल पाझरून ऑइलमध्ये चाललं होतं.

नवा फीड पंप दोन हजाराच्या आत आला. जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं, नळ्यांच्या बोल्टांना तांब्याचे वायसर नवे घातले. जुने वायसर परत घालू नका, तिथूनच हवा धरते. मग फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बसलो. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदलला. पातळ ऑइलवर आणखी हजार किलोमीटर चालवली असती तर बेअरिंग गेले असते, असं मिस्त्री म्हणाले.

वसमत

माझं उलटं. पंप चांगला असताना बदलला. हळद घेऊन नांदेडला निघायचो, वीसेक किलोमीटरवर गाडी दम सोडायची आणि बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की जसं काही झालंच नाही अशी चालू. फीड पंप बदलला, फिल्टर बदलला, शेवटी मेन पंप काढून टेस्टिंगला टाकला. तिथल्या माणसानं मशीनवर लावून सांगितलं की पंप ठीक आहे. तरी लोकांच्या नादानं त्यात नव्या सीलांचं किट टाकून घेतलं. गाडी परत बंद पडलीच.

एकदा रस्त्यात बंद पडली तेव्हा डिझेल किती आहे बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, ती धुळीनं आणि डिझेलच्या चिकटानं बुजली होती. डिझेल जात राहायचं, त्या जागी हवा येत नव्हती, त्यामुळं पंपाला ओढवंना. थांबलं की हळूहळू हवा शिरायची आणि गाडी चालू व्हायची. झाकण बदललं. तेव्हापासून एकदाही बंद पडली नाही. चौदा हजार गेले याचं फार वाईट वाटतं, अजूनही.

माजलगाव

शेतातल्या ड्रममधलं डिझेल भरू नका. पावसाळ्यात ड्रमच्या तळाला पाणी साचतं. मेन पंपाच्या आतल्या घासणाऱ्या भागांना डिझेलचंच वंगण असतं, पाणी गेलं की गंज धरून जाम होतात. माझा तसाच गेला. आता आठवड्याला फिल्टरखालची चावी सैल करून पाणी सोडतो.

औसा

मी गाडी चालवत नाही, पण हिशोब माझ्याकडं आहे, आणि तो दिवस मी विसरणार नाही. 2016 चा उन्हाळा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ते हे दिवस. आमचे हे पिकअपवर हजार लिटरची टाकी बांधून पाणी वाटायचे. पंपातून डिझेल गळायला लागलं म्हणून गॅरेजला दिली. पोरानं पंप उतरवला, सील बदलून आणले, संध्याकाळी बसवला. गाडी चालू झाली तर पांढरा धूर, आणि भरलेली टाकी घेऊन गल्लीतला चढ चढंना.

झालं असं की काढताना पंप फिरवणाऱ्या गिअरवर खूण केलीच नव्हती. बसवताना एक दात पुढं-मागं झाला, टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, चुकलं. दुसऱ्या दिवशी परत सगळं उघडलं. तो एक दिवस गाडी नव्हती, आणि आमच्या दारापुढं सकाळपासून घागरी मांडलेल्या. एक आजी दुपारपर्यंत घागरीजवळ बसून होत्या, त्यांना काय सांगावं ते सुचंना. घरातली आमची अर्धी टाकी होती, तीच तांब्या-तांब्यानं वाटली.

तेव्हापासून मेन पंप काढायचा म्हटलं की मी स्वतः जाऊन उभी राहते. आधी पंपाच्या फ्लॅन्जवर, म्हणजे इंजिनाला बसते त्या कडेवर, आणि गिअरवर पंचनं खूण, मोबाइलवर फोटो, मगच बोल्टाला पाना.

बीड

वीस वर्षं पंपाचं काम करतो. वर लिहिलेलं सगळं बरोबर आहे. आमच्याकडं ऊसतोडीला निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, गाड्यांची रांग लागते. गिऱ्हाईक येतं तेच "पंप काढा" म्हणत. मी आधी टाकीतल्या जाळीपासून सुरू करतो. झाकण, जाळी, टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी, फिल्टर, फीड पंप, आणि सगळ्यात शेवटी मेन पंप. नळीच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावतो. बुडबुडे दिसले की हवा कुठून शिरते ते सापडतं. नळीला केसाएवढी चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, पण हवा आत जाते. म्हणून डोळ्याला दिसत नाही आणि बळी जातो पंपाचा.

एक कळकळीचं सांगणं आहे. कॉमन रेलवाली, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल देणारी गाडी असेल तर चालू इंजिनावर नोझलची नळी सैल करून बघायची जुनी सवय सोडा. टायरात 60-65 पॉइंट हवा भरतो आपण, म्हणजे साडेचार बार. त्या नळीत दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. धार कातडीतून आत शिरते, वरून सुई टोचल्याएवढं दिसतं, आणि आत हात सडतो. असं झालं तर फडकं बांधून काम करत बसू नका, त्याच मिनिटाला दवाखाना गाठा. आणि असल्या गाडीचं फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओतून उन्हात बघा. चमकी, म्हणजे धातूचा बारीक चुरा, दिसली तर पंप आतून झिजायला लागलाय. ती चमकी नोझलपर्यंत गेली की खर्च पंपापुरता राहत नाही.

उदगीर

माझी पेट्रोलची छोटी पिकअप, पंप टाकीच्या आत. चावी फिरवली की मागून दोन सेकंद बारीक गुणगुण यायची, ती यायची बंद झाली. आधी फ्यूज आणि रिले बघितला, दोन्ही बरे. टाकी उतरवण्याआधी रिकामी केली, बॅटरीचं टर्मिनल काढलं, शेजारच्याला बिडी घेऊन लांब पाठवलं. पंप जळाला होता. तो टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, आणि मी कायम शंभर-दोनशेचं टाकून काट्याच्या तळावर चालवायचो. आता पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

अंबड

वसमतचे भाऊ, तुमचं वाचून अंगणात जाऊन झाकण काढून बघितलं. वाट निम्मी बुजलेली होती, सुईनं मोकळी केली. औशाच्या ताई, खुणेचं मी लिहायला पाहिजे होतं, बरं झालं तुम्ही लिहिलं. बीडचे मिस्त्री, एक विचारायचं होतं: पारदर्शक नळी कोणती घ्यावी? पाण्याची साधी नळी डिझेलनं कडक पडते असं ऐकलंय.